घोंगडीचा हिशेब

दिघंचीहून आटपाडीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली लोकरीचा ढीग पडलेला दिसला. काळी, करडी, मधूनच पांढरी लोकर. तीन पोती तरी सहज भरली असती. पलीकडच्या पडीक रानात धनगरांचा वाडा उतरला होता. एका म्हाताऱ्याला विचारले, ही लोकर कुणाची? तो हसला. म्हणाला, "न्या की समदी. तेवढीच जागा मोकळी हुईल." कुणी विकत घेत नाही का, असे विचारल्यावर त्याने हात उडवला. "इकायचं सोडा. कातरायला माणसं लावली, त्येंची मजुरी आमच्याच खिशातनं गेली."

त्या वेळी मी माणदेशातील घोंगडीच्या मागांची माहिती जमवत होतो. म्हसवडला एका विणकराने मला दोनच दिवसांपूर्वी सांगितले होते की सूत मिळत नाही म्हणून माग आठवड्यातले चार दिवस बंद असतो. तिकडे सूत नाही म्हणून माग बंद आणि इकडे लोकर रस्त्यावर. दोन्ही ठिकाणांत अंतर म्हणाल तर एका दिवसात जाऊन येण्याइतके. मग मधे काय तुटले आहे?

घोंगडी का संपत चालली, या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली. दुसरे, विणकरांची पोरे मागावर बसायला तयार नाहीत. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही उत्तरे मागापाशी सुरू होतात आणि मागापाशीच संपतात. घोंगडी मात्र मागावर सुरू होत नाही. ती सुरू होते मेंढीच्या पाठीवर आणि मागापर्यंत पोचण्याआधी तिचे निम्म्याहून जास्त काम उरकलेले असते. ते काम कोण करीत होते, हे मी मोजायला बसलो तेव्हा हा लेख लिहावासा वाटला.

आधी मुलूख पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे, तिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. माण आणि खटाव, त्यांना लागून सांगली जिल्ह्यातील आटपाडी, पुढे कवठेमहांकाळ आणि जत असा हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. इथे शेती ही आशेवर चालते आणि मेंढी ही पायांवर. चारा आपल्याकडे आला नाही तर आपण चाऱ्याकडे जायचे, हा धनगरांचा रिवाज. दसरा-दिवाळी झाली की वाडे हलतात, पश्चिमेला कृष्णाकाठच्या बागायती गावांकडे, कुणी घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंड्यांचे खत रानाला आणि त्या बदल्यात धान्य धनगराला. पावसाच्या तोंडावर परत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली, ती याच मातीतली. त्यांचे माडगूळ आटपाडी तालुक्यातच आहे.

या मुलखाची मेंढी म्हणजे दख्खनी. अंगाने लहान, रंगाने बहुतेक काळी, खाण्याला कमी आणि चालण्याला चिवट. तिची लोकर जाड आणि राठ. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मऊ स्वेटर ज्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचे करतात तिचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, दख्खनीचा साधारण त्याच्या दुप्पट. आपल्या भाषेत स्वेटरही विणतात आणि घोंगडीही विणतात, पण या दोन विणण्यांत मोठा फरक आहे. दख्खनी लोकरीचे स्वेटर अंगात घातले तर माणूस दिवसभर खाजवत बसेल. ही लोकर सुईची नव्हे, मागाची आहे.

तीच लोकर मागावर चढली की तिचा राठपणा गुण होतो. पावसाळ्यात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतलेला गुराखी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. ओलावा घेताना तो थोडी ऊबही बाहेर टाकतो. शिवाय मेंढीच्या अंगचा मेणासारखा चिकट अंश लोकरीत उरलेला असतो, त्यामुळे पावसाचे थेंब लगेच आत मुरत नाहीत. रिमझिम पावसात घोंगडी तास-दोन तास माणसाला कोरडे ठेवते. पण एकदा का ती पुरती भिजली की तिचे वजन दोन माणसांना उचलवत नाही आणि वाळता वाळत नाही. आपण एखाद्या रखडलेल्या कामाला 'भिजत घोंगडे' म्हणतो, ते ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याने खरेच एखादे भिजलेले घोंगडे वाळत घातले असणार.

उन्हाळ्यात हीच घोंगडी झाडाखाली अंथरायची, बाजारहाटाच्या वाटेवर तिच्यात दाणे बांधायचे, थंडीत पांघरायची, बाळंतिणीला खाली घालायची. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सर्वांत मऊ, तिला जावळ म्हणतात आणि जावळाची घोंगडी जावयाला किंवा म्हाताऱ्या बापाला देत. बिरोबाच्या आणि खंडोबाच्या देवकार्यात घोंगडी अंथरल्याशिवाय बैठक नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चित्र साताऱ्याच्या कुठल्याही शाळेत पाहा, अंगावर घोंगडी दिसेल. आज पुढारी मंडळी गावोगाव 'घोंगडी बैठका' घेतात. शब्द टिकला आहे. अंथरलेली घोंगडी कुठून आणली, एवढे मात्र कुणी विचारत नाही.

आता ती कशी होते ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी कातरणी. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. आदल्या दिवशी ओढ्यात किंवा विहिरीच्या पाण्याने त्यांना धुतात, म्हणजे लोकरीतली माती आणि कुसळे सुटतात. मग चारी पाय बांधून मोठ्या कातरीने लोकर काढायची. पूर्वी हे काम इरजिकीने चाले. आज तुझा कळप, उद्या माझा. जेवण घालायचे, मजुरी नाही. एका कातरणीला एका मेंढीची लोकर तीनशे ग्रॅमच्या आसपास निघते, म्हणजे वर्षाला अर्धा ते पाऊण किलो.

दुसरी पायरी निवडणे आणि पिंजणे. काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. घोंगडीला रंग देत नाहीत, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा. काठाच्या पांढऱ्या पट्ट्याची पांढरी लोकर म्हणून जपून ठेवायची. निवडलेली लोकर काठीने झोडायची, बोटांनी मोकळी करायची आणि पिंजून तिचे पेळू करायचे. झडती आणि घाण जाऊन वजनाचा साधारण तिसरा हिस्सा इथेच कमी होतो.

तिसरी पायरी कातणे. मराठीत कातरणे आणि कातणे यांत एका अक्षराचा फरक आहे. कामात मात्र पुरुष आणि बाई एवढा फरक होता. कातरणारे बहुतेक पुरुष, कातणाऱ्या बहुतेक बाया. मेंढरांमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या हातातही टकळी असे, पण त्याचे सूत दोरखंडापुरते. घोंगडीचे सूत घरात चरख्यावर निघे. स्वयंपाक झाल्यावर, पोर निजल्यावर, दुपारची ऊन उतरेपर्यंत.

चौथी पायरी ताणा. उभे धागे रस्त्यावर किंवा अंगणात खुंट्यांवर लांब ताणतात आणि त्यांना चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून त्यांची टरफले काढायची, डाळ भिजत घालून वाटायची आणि पातेल्यात शिजवून चिकट खळ करायची. ती कुंच्याने धाग्यांवर ओढली की लोकरीचे सुटलेले केस धाग्याला चिकटून बसतात आणि मागावर घासून धागा तुटत नाही. खळ वाळायला ऊन लागते, म्हणून ताणा सकाळी घालतात आणि ढग आले की सगळी गल्ली धावते. नवी घोंगडी ताठ असते आणि तिला एक आंबूस वास येतो, तो या खळीचा. वापरून, धुऊन ती पुढे मऊ पडते.

पाचवी पायरी विणणे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, जमिनीच्या पातळीवर माग. आडवा धागा धोट्यातून टाकायचा आणि ठोकून बसवायचा. जितका ठोकला तितकी घोंगडी पावसाला भारी. शेवटी दोन्ही टोकांच्या दशा वळून गाठी मारायच्या.

हे विणणारे लोक मुख्यतः सनगर समाजाचे. धनगरांमध्येही खुटेकर नावाची शाखा आहे, ती घोंगडी विणणाऱ्यांची आणि ताण्याच्या खुंट्यांवरून हे नाव पडले असे सांगतात. धनगर आणि सनगर यांच्यात लेखी करार कधी नव्हता, पण दोन रीती ठरलेल्या होत्या. धनगराच्या घरचे कातलेले सूत आणून द्यायचे आणि विणकराला विणाई द्यायची, ही एक. विणकराने लोकर विकत घ्यायची, त्याच्या घरच्या बायांनी कातायची आणि घोंगडी बाजारात विकायची, ही दुसरी. युरोपात कातणाऱ्या-विणणाऱ्या कारागिरांचे संघ असत, त्यांना सनद असे, शिक्का असे, दप्तर असे. आपल्याकडे दप्तर नव्हते. ओढ्याकाठची कातरणी, ओसरीवरचा चरखा आणि गल्लीतला माग या तीन जागा मिळून आपला संघ. त्यातल्या एका जागेचे नाव मात्र कोणत्याच हिशेबात नव्हते. ती जागा म्हणजे ओसरी.

आमच्या घरात आजोळची एक जुनी घोंगडी आहे. तिच्यावर पट्टी ठेवून मी धागे मोजले. लांबी आठ फूट, रुंदी चार फूट. एका इंचात उभे धागे दहा, आडवे नऊ. म्हणजे उभे धागे चारशे ऐंशी आणि दशा व वाया जाणारी टोके धरून प्रत्येकी नऊ फूट. आडव्या फेऱ्या आठशे चौसष्ट, प्रत्येकी चार फूट. बेरीज केली तर पावणेआठ हजार फूट सूत. मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे दोन हजार तीनशे सत्तर. जवळजवळ अडीच किलोमीटरचा धागा कुण्या बाईच्या बोटांतून निघाला होता. ती बाई कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. विणकराचे गाव मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

माण तालुक्यातील एका वाडीत सत्तरीच्या एक आजी अजून कातत होत्या. त्यांच्यासमोर मी घड्याळ घेऊन बसलो. लोकर चांगली पिंजलेली असेल तर तासाला नव्वद मीटरच्या आसपास सूत निघत होते. या वेगाने एका घोंगडीचे सूत कातायला सव्वीस-सत्तावीस तास लागतात. त्याआधी निवडणे, झोडणे, पिंजणे. विणकराला ताण्यापासून दशांपर्यंत दोन दिवस पुरतात. घोंगडीला आपण विणकराची वस्तू म्हणतो. तासांच्या हिशेबाने ती कातणारणीची वस्तू आहे.

हे तास कुठून येत होते? 'रिकाम्या वेळातून', असे उत्तर मला प्रत्येक गावात मिळाले. पुरुषांनी दिले आणि बायांनीही दिले. पण वेळ रिकामा असणे म्हणजे त्याला भाव नसणे. घोंगडी स्वस्त मिळत होती, कारण तिच्यातला सर्वांत मोठा खर्च कुणी कुणाला देतच नव्हते.

पुढे त्या वेळेला भाव आला आणि योगायोग असा की तो भाव याच मुलखातून आला. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो माणसे उतरली, १९७७ साली योजनेचा कायदा झाला आणि १९७९पासून तो अमलात आला. खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावावर माती वाहणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने होत्या. माणदेशातील कितीतरी बायांनी स्वतःच्या नावाची मजुरी पहिल्यांदा या कामांवर हातात घेतली. दुपारच्या वेळेला आता किंमत होती. ओसरीवर बसून कातायचे तर त्या किमतीवर पाणी सोडायचे. त्यांनी सोडले नाही आणि ते योग्यच केले. पुढे पाणी आले तिथे ऊस आला, द्राक्षे आणि डाळिंबे आली, बायांना वर्षभर रोजगार मिळू लागला. चरखा माळ्यावर गेला.

रोजगार हमीने घोंगडी मारली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. घोंगडी ज्या फुकट वेळावर उभी होती तो वेळ फुकट राहिला नाही, एवढाच अर्थ आहे. आपण जुन्या वस्तूंसाठी हळहळतो, तेव्हा त्या वस्तूंखाली कुणाचे दिवस फुकट गेले हेही पाहायला हवे.

दुसरी गाठ सुटली ती मेंढीच्या पाठीवर. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या आणि तो आकडा आधीच्या, २०१२च्या गणनेपेक्षा थोडा जास्तच आहे. म्हणजे मेंढ्या संपल्या, हे खरे नाही. मेंढ्या आहेत, लोकर राहिली नाही. कारण मटणाचा भाव वर गेला आणि लोकरीचा मातीला मिळाला. जत तालुक्यातील माडग्याळ गावच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, लांब, नाकाने बाकदार, अंगावर पांढऱ्यात तांबडे ठिपके. वजन झपाट्याने धरते आणि लोकर मात्र जवळजवळ नाही. धनगरांनी आपल्या काळ्या कळपात माडग्याळी मेंढा सोडायला सुरुवात केली. दोन-तीन पिढ्यांत कळपाचा रंग बदलला, कान-नाक बदलले आणि पाठ उघडी पडली. २०२०मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली, ही बातमी राज्यभर गाजली. त्याच आटपाडीच्या वाटेवर मी लोकरीचा ढीग पाहिला होता.

संशोधनाची दिशाही तीच राहिली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल या छोट्या मेंढीचे जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. मेंढपाळाच्या घरात दोन पैसे जास्त यावेत यासाठी केलेले हे मोलाचे काम आहे. धनगराला कोकरे हवीत, कारण कोकरांना गिऱ्हाईक आहे. लोकरीला गिऱ्हाईक असते तर पैदास करणाऱ्यांनी लोकरीकडेही पाहिले असते.

लोकर कमी झाली तरी कातरणी टळत नाही. दख्खनी रक्ताच्या मेंढीची लोकर वाढू दिली तर तिच्यात चिखल, गोचीड, ओल साठते आणि जनावर आजारी पडते. इरजिकीची माणसे पांगली, म्हणून कातरणाऱ्यांना दर मेंढीमागे पैसे मोजावे लागतात. जी लोकर एके काळी घरात चार पैसे आणत होती, ती आता खर्चाची बाब झाली. मग ती बाभळीखाली जाते.

आणि पानिपत? हरियाणातील हे शहर जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पुन्हा पिंजून, कातून त्यांची ब्लँकेटे करते. मराठी माणसाला पानिपतचे नाव काढले की नशिबाला दोष द्यायची सवय आहे, पण इथे दोष नशिबाचा नाही. पानिपतच्या ब्लँकेटाला तीन-चारशे रुपये पडतात, घोंगडीला दीड-दोन हजार. हातमागाचे रक्षण करण्यासाठी आपल्याकडे १९८५चा कायदा आहे. काही वस्तू फक्त हातमागावरच विणाव्यात, यंत्रमागावर नव्हे, असे तो सांगतो. सुरुवातीला त्या यादीत २२ वस्तू होत्या, नंतर ११ राहिल्या आणि कांबळ त्या अकरांतही आहे. म्हणजे कायद्याने मागाभोवती कुंपण घातले. पण मागावर चढणारे सूत ओसरीवरच थांबले होते आणि लोकर माळावरच. कुंपणाच्या आत राखायला उरले काय?

या सगळ्याचा विचार करताना वाटले की बोलण्यापेक्षा एक घोंगडी करवून पाहावी आणि प्रत्येकाला त्याच्या वेळेचे पैसे देऊन खर्च लिहावा. तसे केले. त्या वेळी रोजगार हमीची सरकारी मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, म्हणून बायांच्या कामाला दिवसाचे ३०० धरले. विणकराने आपला रोज ६०० सांगितला, तो मान्य केला.

तेरा काळ्या मेंढ्यांची एका कातरणीची लोकर घेतली, चार किलो भरली. कातरणीचे दर मेंढीमागे २० प्रमाणे २६० रुपये आणि लोकरीचे किलोला ४० प्रमाणे १६०. धनगराने १६० घेताना दोनदा विचारले की हे कशाचे. निवडणे आणि पिंजणे दोन दिवस, ६०० रुपये. कातणे सत्तावीस तास, ते साडेतीन दिवस धरून १०५०. ताण्याला मदत करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस, १५०. खळीचे सामान आणि जळण, १००. विणकराचे दोन दिवस, १२००. एकूण ३५२० रुपये. यात माझे येणे-जाणे धरलेले नाही आणि व्यापाऱ्याचा नफाही नाही. घोंगडी भरली अडीच किलोच्या थोडी वर.

बाजारात दीड-दोन हजारांना मिळणारी घोंगडी साडेतीन हजारांची का झाली, हे कागदावर स्पष्ट दिसत होते. बायांचे मिळून सहा दिवस, अठराशे रुपये. हे पैसे बाजारभावात कधी धरलेच गेले नव्हते.

तो कागद मी आजींना वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण हिशेब तोंडी पक्का. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "त्येला सहाशे, मला तीनशे. माझ्या हाताला निम्मं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. विणणे हे कसब आणि कातणे ही मजुरी, असे मी मनात धरून चाललो होतो आणि तसे धरले आहे हेही मला कळले नव्हते. हेच सूत मी कातायला घेतले तेव्हा अर्ध्या तासात सात वेळा तुटले होते. जाड-बारीक सूत निघाले तर विणकर ते परत पाठवतो, हे त्यानेच मला सांगितले होते. मग कसब कुणाकडे नाही? घरी येऊन मी कागद पुन्हा लिहिला. बायांच्या सहा दिवसांना ६००चा दर लावला. बेरीज ५३२० झाली. आजींना उरलेले पैसे पुढच्या खेपेला दिले, पिंजणाऱ्या आणि ताण्याच्या बाईलाही दिले. घोंगडीची खरी किंमत माझ्या लेखी आता हीच आहे.

पाच हजारांची घोंगडी कोण घेईल, हा प्रश्न रास्त आहे. रानात मेंढरामागे फिरणारा धनगर घेणार नाही. त्याला प्लॅस्टिकचा कागद पुरतो आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरात पंखे-हीटर लावणाऱ्यांना नाही. पण शहरात याहून जास्त किमतीच्या शाली आणि गालिचे विकले जातात. घेणाऱ्याला फक्त हे कळायला हवे की तो कशाचे पैसे देतो आहे. देशी लोकरीसाठी सेंटर फॉर पास्टोरॅलिझमसारख्या संस्थेने 'देशी ऊन' नावाचा उपक्रम चालवला आहे. पशुपालक, कातणारे, विणणारे आणि विकणारे यांना एका साखळीत आणायचे, हा त्याचा रोख. माझ्या मते दिशा हीच आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर तीन गोष्टी हाताशी आहेत. माणमध्ये दहिवडीला आणि कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला राज्याच्या मेंढी-शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत. तिथून लोकरीसाठी निवडलेले काळे दख्खनी मेंढे थोड्या कळपांना मिळाले आणि त्या लोकरीला ठरलेला भाव मिळाला, तर पाठीवरची गाठ पुन्हा बसेल. सगळ्या कळपांनी मागे फिरावे अशी अपेक्षा नाही. दहातला एक पुरे. दुसरे, पिंजायचे यंत्र. पिंजण्यात हात मोडतात आणि त्यात कसब थोडे, ते काम यंत्राने करावे. कातणे मात्र हाताने राहू द्यावे, कारण घोंगडीचा पोत तिथे ठरतो. तिसरे, घोंगडीला न चालणारी आखूड आणि मळकी लोकर. ती नमदे दाबायला, छताखाली उष्णता अडवायला, झाडांच्या आळ्यात ओल धरायला उपयोगी पडते. डाळिंबाच्या बागेत प्लॅस्टिक अंथरणाऱ्या आटपाडीकरांनी हा प्रयोग एका ओळीवर तरी करून पाहावा. लोकर फुकट पडली आहे.

हातमागांची प्रदर्शने भरतात, तिथे खड्डा खणून माग मांडतात, पाहुणे धोटा टाकून छायाचित्र काढतात. त्याला माझा विरोध नाही. पण पुढच्या वेळी मागाशेजारी एक चरखा मांडावा आणि कातणारणीचा दर विणकराच्या दराशेजारी पाटीवर लिहावा. लोक विचारतील, हे काय म्हणून. विचारू देत.

ती घोंगडी माझ्याकडे आहे. तिच्या एका कोपऱ्यात विणकराने पांढऱ्या धाग्याने आपली खूण टाकली आहे, तशी पद्धत त्याच्या घराण्यात आहे. मी आजींना म्हटले, तुमचीही एक खूण या दुसऱ्या कोपऱ्यात टाका. त्या म्हणाल्या, "मला कुठं खूण हाय? आमी कधी टाकलीच न्हाय." मग थोडा वेळ घोंगडी मांडीवर घेऊन बसल्या, बोटाने धागे चाचपत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुई द्या." त्यांनी टाकलेले टाके वाकडे आहेत. चार आडवे, एक उभा. त्याचा अर्थ काय, हे मी अजून विचारलेले नाही. या दिवाळीनंतर वाडे हलायच्या आत तिकडे जायचे आहे, तेव्हा विचारीन.